बोरदऱ्याच्या पोरांना काय विचारू नये

गुलमंडी, औरंगाबाद
मार्गशीर्ष, १९७८

तीर्थस्वरूप नानासाहेब दाजी यांच्या पायांशी धाकटा मेव्हणा बन्सीधर याचा दंडवत पोचावा.

इकडं सगळी खुशाली आहे. तिकडं तुमचा गुडघा आणि द्वारकाअक्काचा खोकला यांपैकी कोण ताळ्यावर आलं ते कळवावं. गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधा, असं लिहिणार होतो, पण ते तुम्हाला माहीत असणारच. (तुम्हाला माहीत नाही अशी गोष्ट शोधायची म्हणजे माणसाची फार वणवण होते.) गावात टेलिफोन असताना मी पत्र का लिहितोय असं तुम्ही विचाराल. समोर बसलो किंवा फोनवर आलो की माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच तुम्ही ते पुरं करता. पुरं करता छानच, माझ्याहून चांगलं, फक्त ते मग माझं राहत नाही. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, म्हणून ही तसदी.

तर गेल्या साली तुम्ही विस्तार अधिकारी या नात्यानं बोरदऱ्याच्या भिल्लवस्तीवरची शाळा तपासली. शाळा कसली, देवगाव रंगारीच्या पुढं डोंगराला टेकलेली माझीच पत्र्याची शेड. ऑइल इंजिनं ठेवायला बांधली होती. पुढं गुलमंडीत दुकान झालं, शेड रिकामी पडली, मी ती शाळेला देऊन टाकली आणि गावानं मला शाळा समितीचा अध्यक्ष केलं. (ज्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायला तयार नसतं तिच्यावर बसणाऱ्याला अध्यक्ष म्हणतात.) तुम्ही आलात, बसलात, गाईला पाय किती असं विचारलंत. कुणी बोललं नाही. सूर्य कुठं उगवतो विचारलंत. त्यावरही कुणी बोललं नाही. मग तुम्ही शेरा मारलात की मुलांना काही येत नाही, पुढच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही तर शाळा बंद करून मुलं देवगावच्या शाळेत घालावीत. शेरा नियमाला धरूनच होता. फक्त वस्ती आणि देवगाव यांच्यामध्ये एक ओढा आहे, आणि ओढ्यापलीकडची पोरं या पोरांना काय म्हणून हाका मारतात ते मी या कानांनी ऐकलंय, इथं लिहवत नाही. शेड बंद झाली तर ही पोरं देवगावला जाणार नाहीत, शेळ्यांमागं जातील आणि तिथंच राहतील. हे आपलं नुसतं कानावर घालतो. माझं काही मागणं नाही.

तिथल्या कालिंदीबाई तुम्हाला आठवत असतील. औरंगपुऱ्यातली मुलगी. आजोबा पंचांग सांगायचे, वडील कचेरीत कारकून. घरच्यांनी बदली करून घे म्हणून डोकं खाल्लं तरी रोज एस.टी.नं देवगाव आणि तिथून पायी वस्ती. तुमच्या शेऱ्यानंतर त्या दुकानात आल्या, इंजिनांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पोरं हुशार आहेत हे मला कळतं, पण तोंडच उघडत नाहीत. मी म्हटलं, येतो. इंजिन कुठं अडलंय हे मी रस्त्यावरून कानानं ओळखतो, पोरं काय मोठी.

पहिल्या खेपेला फजिती झाली. आमच्या घरच्यांनी मला नवा सफारी शिवला होता. रंग खाकी. उसनी जीप, खाकी सफारी आणि माझ्या मिशा अशी वरात ओढ्यातून वर चढली तेव्हा वस्तीवर कोंबड्या आणि झोपेचं सोंग घेतलेला एक म्हातारा एवढेच उरले होते. शेडमध्ये कालिंदीबाई फळ्याला शिकवत होत्या. पोरं पाठीमागच्या पत्र्याखालून केव्हाच डोंगरात पसार. दुसऱ्या खेपेला धोतर-टोपी घातली आणि लाच म्हणून दौलताबादची सीताफळं नेली. डोंगरातल्या पोरांना सीताफळं! घोड्यानं गवत विकत घ्यावं तसलं हे. त्यांनी ती सभ्यपणे खाल्ली, एकमेकांकडं पाहिलं, आणि मी दोन नि दोन किती विचारल्याबरोबर सगळी एकदम दगड झाली.

मग मी निघून जायचं नाटक केलं आणि शेडच्या मागं बाभळीखाली टेकलो. दाजी, काय सांगू. जी पोरं आत मुकी होती तीच बाहेर कावळ्यांना लाजवत होती. कुणाच्या शेळीनं कुणाचं करडू पाजलं, त्याबद्दल किती बोरं देणं निघतं, त्यातली आधी खाल्लेली वजा केली तर काय उरतं, असा चोख वाद चालला होता. नंतर नकला सुरू झाल्या. मला संकोच वाटतो, पण तुमची नक्कल फारच हुबेहूब. भागू नावाची एक पोर दगडावर बसताना गुडघा धरून असं काही 'अरे देवा' म्हणाली की मला वाटलं तुम्हीच आलात. मग तिनं भुवया चढवून विचारलं, गाईला पाय किती? एक जण म्हणाला, सायबाकडं गाय नसंल. दुसरा म्हणाला, नसंल तर नसंल, मोजाया काय झालं. (मला हसू आलं हे कबूल. अक्काला वाचून दाखवताना हा भाग गाळावा.)

उलगडा झाला तो मात्र कामाच्या दिवशी. वस्तीच्या वर एका शेतकऱ्याचं विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं. जुनी वाट पावसात वाहून गेलेली, मी मोटारसायकल घेऊन खुळ्यासारखा उभा. भागू शेळ्या घेऊन समोर. मी विचारलं, पोरी, वरच्या विहिरीला कुठनं जायचं गं? तर ही पोर, जिला दोन नि दोन येत नव्हते, वरल्या वाटंनं जाऊ नको, तिकडं दरड आलीय, मोहाच्या झाडापून डावीकडं वळ, गाडी हितंच ठिव, चालत गेलास तर सावली त्या खडकावर येईस्तवर पोचशील, असं सगळं सांगून मोकळी. मी खूश होऊन म्हटलं, शाबास, आता सांग, डावा हात कुठला? झालं. दगड.

येताना मी तिच्या आजीच्या, चतुराबाईच्या, झोपडीशी थांबलो आणि सरळ विचारलं, माझं काय चुकलं. म्हातारी चुलीपुढं होती. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, मी खरंच विचारतोय की नाही ते बघत असावी.

"तुला वाट ठावं नव्हती, म्हून पोरीनं सांगितली," ती म्हणाली. "डावा हात तुला ठावं नाय व्हय? जंगलाचा शिपाई येतो. डोईवरची मोळी त्याला दिसती. तरी इचारतो, काय हाय डोईवर? मोळी म्हटलं का धरतो. नाय म्हटलं तर खोटं बोलली म्हून धरतो. आमी लेकरांला पयलं हेच शिकवतो, दिसत असून जो इचारतो त्याच्याम्होरं तोंड उघडायचं नाय."

दाजी, मी मोटारसायकल ओढ्यापर्यंत ढकलतच आणली, चालू करायचं सुचलं नाही. आपली शाळा म्हणजे दुसरं काय आहे? ज्याला ठाऊक आहे तो विचारतो, ज्याला ठाऊक नाही तो धरला जातो. निजामाच्या मदरशात मला उर्दूतून हेच झालं, पोलिस ॲक्शननंतर मराठीतून तेच झालं, फरक फक्त छडीच्या लाकडात. आणि राग मानू नका, अक्काच्या लग्नाच्या बैठकीत तुम्ही मला विचारलं होतंत, काय रे, कितवी झालास? मी शाळा सोडून पंक्चर काढतो हे सोयऱ्यांनी तुम्हाला आधीच सांगितलेलं होतं. मी गप्प बसलो. नंतर तुम्ही अक्काला म्हणालात, तुझा भाऊ जरा मंद दिसतो. (अक्कानं ते मला त्याच आठवड्यात सांगितलं. बहिणी असतात कशाला?) मंद नव्हतो. मोळी डोक्यावर होती, इतकंच.

कालिंदीबाईंना हे सांगितलं तर त्या हबकल्या. मग मी विचारू तरी काय, म्हणाल्या. मी म्हटलं, जे तुम्हाला येत नाही ते. त्या म्हणाल्या, "तसं मला पुष्कळ येत नाही," आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. औरंगपुऱ्यातल्या मुलीला डोंगरातलं काय येणार? मधाचं मोहाळ कसं काढतात, कुठलं लाकूड धूर करत नाही, आटलेल्या झऱ्यात पाणी कुठं उकरायचं. पोरं आधी बिचकली, बाई खरंच अडाणी आहेत अशी खात्री पटल्यावर मात्र त्यांना दया आली. सगळी मिळून बाईंना शिकवायला लागली. बाई ऐकतात आणि विसरू नये म्हणून फळ्यावर लिहितात. एकदा त्यांनी आटोपशीर करायला म्हणून मोहाळाच्या हकिकतीतून भागूचा चुलता गाळला आणि वाचून दाखवलं. केवढा गहजब! ज्यांच्या आज्यांनी कागदात काय लिहिलंय ते न कळता अंगठे उठवले, त्यांची ही नातवंडं. आपलं बोलणं कागदावर जाताना बदलतं हे त्यांना सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून बाई लिहितात आणि पोरं आपापलं नाव, आपापला शब्द शोधत फळ्याला नाक लावून उभी राहतात. वाचायला शिकली ती पोरं अशी, बाईंवर पहारा करता करता. गणितही तसंच. मधाची वाटणी बाईंना जमेना, ती पोरांनी करून दिली.

मीही ही युक्ती करून पाहिली. भागूला भोळा चेहरा करून विचारलं, का गं, इंजिनात तेल कुठनं घालतात? तिनं माझ्या काळ्या नखांकडं पाहिलं, "तुला ठावं हाय," म्हणाली आणि गेली. सोंग चालत नाही दाजी. न येणं खरं असावं लागतं.

असो. एवढं सगळं करमणूक म्हणून लिहिलं. तपासणी तुमची, शेरा तुमचा, नात्याचा उपयोग करून घेणाऱ्यांतला मी नाही. अक्काला नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. लोभ आहे तसाच असू द्यावा, वाढवायची सक्ती नाही.

तुमचा
बन्सीधर

ता. क. संक्रांतीनंतर तुम्ही तपासणीला बोरदऱ्याला येणार असं कळलं. थंडी फार असते. तुमचा तो खाकी कोट घालू नये. अक्कानं विणलेला स्वेटर तुम्हाला शोभतो.

ता. क. २. आणि गाईचे पाय तेवढे विचारू नयेत. तुम्हाला खरोखर ठाऊक नाही असं काही विचारा, पोरं वाचून दाखवतील, लिहून दाखवतील, हिशेब मांडतील. ठाऊक असलेलं विचारलंत तर तुमच्या समोर पुन्हा दगड बसतील, तुम्ही नियमानं तोच शेरा माराल आणि शाळा जाईल. एवढंच मागणं. वर 'मागणं नाही' लिहिलंय ते खोडायला कागदावर जागा उरली नाही.

ता. क. ३. सायब फक्त त्याला न येणारंच विचारणार, असं मी भागूला वचन देऊन बसलोय. तिनं मलाच विचारलं, "त्याला काय ठावं नाय?" पोरं तयारी करून ठेवणार आहेत. अक्काला निरोप पाठवून विचारलं, तिनं लांबलचक यादी कळवली, पण त्यातलं काही शाळेत सांगण्याजोगं नाही. तेव्हा तुम्हीच उलट टपालानं एखादी गोष्ट कळवावी. लहानशी असली तरी चालेल.