भागीरथाबाईचे डोळे

६ जानेवारी २०२५, सोमवार. भेडाघाट

आली एकदाची! जबलपूर स्टेशनवर उतरली तेव्हा थंडी अशी, की बाप्पा, बॅगेचा पट्टा हातात धरवत नव्हता. पण मन मस्त होतं. तिथंच पोहा-जलेबी हाणली आणि ऑटो करून इथं आली. दयारामजींचा मूर्तींचा कारखाना घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. म्हणायला कारखाना, पण आहे टिनाचं शेड. समोर दुकान, मागं आम्ही कोरणारे. मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून नर्मदा दिसते, खोटं नाही सांगत.

नव्या नोकरीची नवी डायरी. आधीच्या डायऱ्या अर्ध्याच्या पुढं कधी गेल्याच नाहीत. नागपूरला दातांच्या लॅबमध्ये मेणाचे दात कोरायची, मशीन आली आणि आमची सुट्टी झाली. मग शाळेत चित्रकलेची कंत्राटी बाई, मग घरोघरी पार्सल. आईनं आज फोनवर तेच विचारलं, विनीता, ही किती दिवसांची गं? मी म्हटलं, आई, ही टिकणार. दयारामजींचा हात आता कापतो. शेवटची बारीक कोरणी करायला त्यांना कायमचं माणूस पाहिजे, महिन्याच्या पगारावर. बाकी सगळे नगावर, सध्या मीपण. ती जागा मीच घेणार. उभा जन्म दात कोरले, नाक-डोळे काय अवघड आहेत!

९ जानेवारी

त्या जागेवर अजून एक जण डोळा ठेवून आहे. प्रणोती. इथलीच मराठी पोरगी, जबलपूरच्या रांझी भागातली. बाप सरकारी फॅक्टरीतून रिटायर, पेन्शन सुरू, स्वतःचं घर, दाराशी स्कूटी. मी मराठीत बोलली की हिला सगळं समजते, पण उत्तर हिंदीत, वरून दीदी-दीदी. गोड आहे पोरगी, नाही असं नाही. पण हिला काहून पाहिजे नोकरी? घरी बसली तरी चार घास मिळतात की!

हात मात्र आहे तिच्याजवळ. छिन्नी टेकवते आणि दगड मुकाट्यानं सुटत जातो. दिवसभर मी तिचा हातच पाहून राहिली होती. उजव्या अंगठ्यावर जुनी कापल्याची खूण आहे, आडवी. तीसुद्धा तिला शोभते. जळला माझा जीव.

१४ जानेवारी

आज संक्रांत. इथली एक रीत पाहिली. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी उघडतात. उघडणाऱ्याला आधी बसवून पोटभर जेवू घालतात, वरून खोव्याची जलेबी. मग त्याला विचारतात, कुछ चाहिए? त्यानं मनापासून म्हणायचं, कुछ नहीं चाहिए. मगच छिन्नी हातात. आज दयारामजींनी स्वतः एका लहान मूर्तीचे उघडले, कापत्या हातानं.

मी कारण विचारलं. ते म्हणाले, बेटी, उघडणाऱ्याच्या मनात जे असते तेच मूर्तीच्या नजरेत उतरते. भुकेल्यानं उघडले तर ती ज्याला बघेल त्याच्याजवळचं मागून घेत राहते. मला हसू आलं. आम्ही बौद्ध माणसं, आमच्या घरी नजरबिजर कोणी मानत नाही. आणि नगावर काम करणारी बाई कुछ नहीं चाहिए म्हणेल तरी कोणत्या तोंडानं?

१९ जानेवारी

शेडमध्ये एक मोठी बसलेली मूर्ती आहे. जबलपूरच्या कमानिया गेट बाजारातल्या एका भांडेवाल्या सेठची आई, भागीरथाबाई. दोन वर्षांपूर्वी वारली. नर्मदा जयंतीला धर्मशाळेत बसवायची आहे. हिचे डोळे जो उघडेल त्याला ती जागा, असं दयारामजी पहिल्यापासून म्हणून राहिले होते. आज त्यांनी प्रणोतीचं नाव घेतलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण. नंतर नळावर जाऊन तोंड धुतलं. त्या मूर्तीच्या साडीची एकेक चुणी मी कोरली, पायाची नखं मी कोरली. आणि डोळे ही उघडणार! दयारामजी म्हणतात, उसका मन भरा हुआ है. भरणारच ना, बापाची पेन्शन आहे.

२१ जानेवारी

दुपारी सगळे घाटावर भंडाऱ्याच्या जेवणाला गेले. मी डोकं दुखते म्हणून थांबली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मूर्तीसमोर बसली आणि स्वतःलाच विचारलं, कुछ चाहिए? आतून लगेच आलं— हो, प्रणोतीजवळ आहे ते सगळं.

उघडले डोळे. असे डोळे झाले की मीच मागं सरकली.

२२ जानेवारी

दयारामजींनी मूर्ती पाहिली. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, खाना खाया था? मी हो म्हटलं. प्रणोतीला वाईट वाटलंच असेल, पण ती म्हणाली दीदी, कितनी सुंदर हैं आँखें, आणि मूर्तीचा हात हातात घेऊन बसली. माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी

प्रणोतीचा उजवा हात आखडला. बोटं वाकत नाहीत. डॉक्टरला काही सापडलं नाही. तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला, स्कूटी इथंच उभी आहे.

जागा मला मिळाली. कायमची! आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. मी पेढे वाटले. प्रणोतीचं वाईट वाटते— वाटायला पाहिजे.

२७ जानेवारी

मूर्तीच्या उजव्या अंगठ्यावर आडवी खूण आहे. मी कोरली नाही. कोणीच कोरली नाही. बोट फिरवून पाहिलं. खूण खोल आहे, काठ गुळगुळीत. आणि बोटं पहिल्यापेक्षा सुंदर झाली आहेत, अगदी प्रणोतीच्या—

२८ जानेवारी

आजवर मूर्तीची नजर प्रणोतीच्या बसायच्या जागेकडं होती. आता माझ्याकडं आहे. मी भिंतीकडं सरकून बसली. जेवून आली तर नजर त्याच भिंतीकडं. आता मला काही मागू नको बाई, मला आत्ताच कुठं मिळालं आहे.

३० जानेवारी

दयारामजींना सगळं समजलं आहे. म्हणाले, ज्यानं उघडले त्यालाच मिटवता येतात. पोटभर जेव, खरं मनानं म्हण कुछ नहीं चाहिए, आणि डोळे छाटून टाक. प्रणोतीचा हात परत येईल. मग जागेचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, जागा तिची होती, बेटी.

मी म्हटलं, विचार करते.

१ फेब्रुवारी

डोळ्यांत दगडाची भुकटी गेल्यासारखं होऊन राहिलं. धुतलं तरी जात नाही. डाव्या डोळ्यानं सगळं पांढरं. मूर्तीच्या डाव्या डोळ्यात तपकिरी रंग आला आहे. पांढऱ्या संगमरवरात तपकिरी. तो रंग— आरशात जाऊन पाहिला. आता माझ्याजवळ नाही.

२ फेब्रुवारी

जेवली. पोटभर, वरून जलेबीपण. दयारामजींनी विचारलं. मी म्हटलं कुछ नहीं चाहिए. छिन्नी टेकवली तर घसरली. पुन्हा घसरली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. प्रणोतीचा फोन आला होता, दीदी आप ठीक हो ना. माझी काळजी करते! हीच करते!

३ फेब्रुवारी

ओळ दिसत नाही. अंदाजानं लिहून राहिली. मूर्तीसमोरच बसली आहे, छिन्नी मांडीवर. उद्या नर्मदा जयंती, तिला न्यायला येतात.

आई फोनवर म्हणाली, सगळ्यांना सांगितलं, माझी विनीता कायम झाली. खूप हसली. एवढी हसलेली कधी—

उजवापण चालला. जेवली आहे. पोट भरलं आहे. या वेळेस खरं म्हणते, ऐक भागीरथाबाई. कुछ नहीं चाहिए. खरंच काही नको. हात नको, नाव नको. फक्त ही नोकरी तेवढी—