पांढऱ्या झेंड्यांच्या आत

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची, आणि चक्क खूश आहे. इतकी वर्षं लोकांची कुत्री वळणावर आणायचं काम केलं, पण कामाच्या जागी राहायला स्वतंत्र खोली कुणी दिली नव्हती. इथे वरच्या मजल्यावर दिली आहे. खिडकीखाली सगळं आवार दिसतं, आवाराच्या टोकाला लोखंडी फाटक आणि फाटकाबाहेर डांबरी रस्ता. फाटक सताड उघडं असतं. भिंत नाही, जाळी नाही. आवाराची शोभा जाते म्हणून साहेबांनी कडेकडेने जमिनीत तार पुरून घेतली आहे. कुत्र्याच्या पट्ट्याला एक डबी असते. तारेजवळ गेलं की ती आधी पीं करते, तरी पुढे गेलं तर झटका देते. ही न दिसणारी हद्द कुत्र्याच्या डोक्यात भरवायची, हे माझं महिन्याभराचं काम.

साहेब साठीकडे झुकलेले, बोलायला मऊ. घरात सगळेच मऊ बोलतात. वहिनी, म्हणजे साहेबांच्या बायको, चहा देताना इतक्या हळू बोलल्या की मी दोनदा 'काय?' केलं. माळीबुवांचंही तेच. जन्मभर भुंकणं ऐकलेल्या कानांना ही शांतता म्हणजे माहेरपण.

कुत्रं मोठं, तपकिरी. गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारासारखं पायरीवर बसून होतं, म्हणून मी त्याला शेट म्हणायला लागले. साहेब म्हणाले तीन वर्षांचं आहे. दात बघितले तर चांगलाच जुना माल. पण लोक कुत्र्यांची वयंसुद्धा चोरतात, मी काही बोलले नाही.

महिनाअखेरच्या रविवारी लेक मला न्यायला येणार आहे, कायमचं तिच्याकडे राहायला. माझ्यासाठी खोली रिकामी केली आहे, पडदेही लावलेत म्हणे. वर बजावलं, की या वेळी कुत्र्याचं निमित्त काढून टाळलंस तर पुन्हा बोलावणार नाही. बापाचाच करवादणारा आवाज आहे पोरीचा. पण पडदे लावलेत! माझ्यासाठी आजवर कुणी पडदे लावले नव्हते. जाणार म्हणजे जाणारच.

५ मार्च, मंगळवार

काम सुरू. साहेबांनी आखून दिलेल्या रेषेवर गुडघ्याएवढे पांढरे झेंडे रोवले. रीत अशी, की दोरी धरून कुत्र्याला झेंड्याकडे न्यायचं, पीं वाजलं की चटकन मागे वळायचं. आपण वळायचं आणि त्यालाही वळवायचं. आत आलं की खाऊ आणि शाबासकी. मग पुढचा झेंडा. सकाळ-संध्याकाळ आवाराला फेऱ्या. पुढे एकेक झेंडा काढत जायचं. झेंडा गेला तरी कुत्रं तिथूनच वळतं. चांगलं शिकलं असेल तर यंत्र बंद केलं तरी वळतं.

माझा एक नियम आहे, आणि या धंद्यातले लोक त्याला हसतात. जे आपण सोसलं नाही ते कुत्र्याच्या गळ्यात घालायचं नाही. म्हणून, शेटचा पट्टा तपासायला साहेबांनी दिलेला जोड-डबीचा पट्टा मी रोज आधी स्वतःच्या मुठीत धरून प्रत्येक झेंड्यापाशी जाते आणि झटका घेते, आणि फेरीतही तो हातातच ठेवते. कोपरापर्यंत मुंग्या येतात. साहेबांना हे फार आवडलं. मुलाखतीतही त्यांनी हेच खोदून खोदून विचारलं होतं. रोज घेता का? प्रत्येक झेंड्याला घेता का? हो म्हटलं तेव्हाच काम पक्कं झालं. म्हटलं, चला, कुत्र्याची कदर असलेला एक तरी मालक भेटला.

८ मार्च, शुक्रवार

शेट भलताच हुशार निघाला. आज तर पीं वाजायच्या आधीच वळत होता, आणि मीच एक पाऊल पुढे जाऊन दोरी ताणत होते. इतक्या लवकर शिकलेलं कुत्रं माझ्या हाताखालून गेलेलं नाही. मी दिवसभर फुशारले.

साहेब पडवीत वेताच्या खुर्चीवर बसून बघत असतात. फेरी संपली की स्वतः उठून मला चहा नि बिस्किटं आणून देतात आणि छान म्हणतात. फक्त छान, बाकी काही नाही. तेवढ्याने माझी कळी खुलते, काय सांगू. नवऱ्याने हा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही, आणि आठवण्यासारखं त्याने दुसरंही काही केलं नाही.

लेकीला कुत्र्यांची आवड आहे का, असं साहेबांनी विचारलं. म्हटलं, माझीच ती. रस्त्यात हरवलेलं कुत्रं दिसलं तर मालक सापडेपर्यंत जेवणार नाही.

१३ मार्च, बुधवार

साहेबांनी नवा पट्टा आणला. हा भुंकणं थांबवण्याचा. घशाची थरथर ओळखून झटका देतो. मी म्हटलं, शेट कुठे भुंकतो? आल्यापासून एकदाही ऐकला नाही. ते म्हणाले, सवय असलेली बरी.

नियम म्हणजे नियम. पट्टा गळ्याला बांधला आणि मोठ्याने एक ते दहा म्हणायला लागले. तीनच्या पुढे जाता आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी पुन्हा करायला सांगितलं, मग जरा हळू आवाजात, मग त्याहून हळू. कुठल्या आवाजाला वाजत नाही ते नक्की व्हायला हवं ना, म्हणाले. मीही शहाणी, दुपारभर करत बसले. कुजबुजलं की वाजत नाही.

वहिनी कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातली चादर खाली पडली आणि त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, माझा धिंगाणा बघवला नाही.

१७ मार्च, रविवार

आता सगळे झेंडे काढले. शेट तंतोतंत वळतो.

आज एक गंमत झाली. साबण संपला म्हणून समोरच्या दुकानात निघाले. एकटीच. पट्टा खोलीत खुंटीला होता. फाटकापर्यंत गेले आणि वळले. पाकीट विसरले असं वाटलं. खोलीत येऊन बघते तर पाकीट हातातच. स्वतःलाच हसले, पुन्हा गेले आणि पुन्हा वळले. या वेळी वाटलं, ऊन फार आहे. मग वहिनींकडेच साबण मागितला. त्यांनी काही न विचारता काढून दिला, जणू मी मागणार हे ठरलेलंच होतं.

मग सहज लक्षात आलं. सामानाची गाडी येते तेव्हा माळीबुवा फाटकाच्या अलीकडे उभे राहतात आणि गाडीवाल्याला सामान आत आणून ठेवायला खुणेने सांगतात. वहिनी इतक्या दिवसांत कुठे गेल्याचं बघितलं नाही. घरकोंबडी माणसं, दुसरं काय.

१९ मार्च, मंगळवार

घाबरले आहे. सरळ लिहून टाकते.

सकाळी मुद्दाम गेले. हातात काही नाही, गळ्यात काही नाही. परवा जिथे शेवटचा झेंडा उपटला त्या जागी तळहात चरचरला, कोपरापर्यंत मुंग्या आल्या आणि पाय आपोआप वळले. अगदी शेटसारखे. पुन्हा गेले. पुन्हा तेच. पायांना शिव्या घातल्या, त्याही कुजबुजत, कारण आवाज चढवायला गेले की घसा आधीच आवळतो.

साहेबांना सांगितलं, तारेत बिघाड आहे, आधी यंत्र बंद करा. त्यांनी मला कोठीच्या खोलीत नेलं. यंत्राची पिन काढून ठेवलेली होती, तिच्यावर धूळही बसली होती. झेंडे काढायला लागलात तेव्हापासून बंदच आहे, म्हणाले. यंत्र बंद करूनही वळलं तर शिकवणी पुरी झाली, हे तुम्हीच सांगितलं होतंत. मग ते छान म्हणाले. आणि मला बरं वाटलं. देवा, मला खरंच बरं वाटलं.

२१ मार्च, गुरुवार

वहिनींना स्वयंपाकघरात गाठलं. बटाटे सोलत होत्या. सोलणं न थांबवता त्यांनी सगळं सांगितलं, कानाशी तोंड आणून.

त्या या घरात लग्न करून आल्या नव्हत्या. कुत्र्याला शिकवायला आल्या होत्या. लग्न नंतरचं, कारण जायचं तरी कुठे? त्यांच्याआधी माळीबुवा आले होते, तेही शिकवायलाच. शेटला त्याच्या पिल्लूपणीच कुणीतरी शिकवलं. त्याच्या पट्ट्यातल्या डबीत कित्येक वर्षं बॅटरी नाही. पीं वाजत होतं ते माझ्या हातातल्या जोड-डबीतून. त्याचं काम एवढंच, की दोरीला धरून नव्या माणसाला झेंड्यापर्यंत न्यायचं आणि वळवायचं.

माझ्या हातात डबी साहेबांनीच दिली होती, शेटचा पट्टा नीट चालतो की नाही हे तपासायला म्हणून. आणि मी फुशारले होते.

मी विचारलं, मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? वहिनी म्हणाल्या, सांगितलं होतं, तुम्ही दोनदा 'काय?' म्हणालात. त्याहून मोठ्याने मला सांगता येत नाही.

मला त्यांचा राग आला. अजूनही आहे. बटाट्याचं पातेलं डोक्यात घालावंसं वाटलं.

२४ मार्च, रविवार

साहेबांनी आज झेंडे पुन्हा रोवले. पडवीच्या पायरीला लागून, खाली नवी तार पुरून आणि यंत्र पुन्हा सुरू करून. शेट बागेत उकरतो म्हणे.

मी नाही म्हटलं. कुजबुजून, पण नाही म्हटलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली, डबी दिली, आणि खुर्चीवर जाऊन बसले. माझे पाय निघाले. इतकी वर्षं हातात दोरी आली की मी चालते, तशी चालले. दिवसभर फेऱ्या मारल्या. झटके घेतले. चहा प्यायले. बिस्किटही खाल्लं, लाज नाही मला.

विचारलं त्यांना, कशासाठी हे सगळं? ते म्हणाले, माणसं जातात. त्यांची पहिली बायको गेली, भाऊ गेला. भिंती बांधल्या की लोक उड्या मारून जातात. घर भरलेलं असावं, एवढीच त्यांची इच्छा. एवढीच! चहा ढवळत सांगितलं.

पोलिसांना फोन करणार होते. पण सांगू काय? फाटक उघडं आहे, मला कुणी धरलेलं नाही, तरी येऊन सोडवा?

२७ मार्च, बुधवार

आता पायरीच्या खाली उतरता येत नाही. बाग लांब वाटते.

लेकीला फोन केला. तिला नुसती फुसफुस ऐकू गेली. नीट बोल म्हणून ती खेकसली. मग मेसेज केला, इथे येऊ नकोस, आलीस तर फाटकाच्या आत पाऊल टाकू नकोस. उत्तर आलं, आई, पुरे झाली नाटकं. कुत्र्यासाठी पुन्हा मला टांग देतेस ना? मी येणार आणि तुला उचलून आणणार.

उचलून. कुणी बाहेरचं येऊन मला उचलून नेलं तर जमेलही, असं क्षणभर वाटलं. मग आठवलं, ती आत आली की साहेब आधी चहा देतील. मग कुत्रं दाखवतील.

२९ मार्च, शुक्रवार

फाटकाजवळ आज नवे झेंडे. बाहेरच्या जुन्या रेषेवर. माझ्यासाठी नाहीत ते. मी तर पायरीवरच वळते.

साहेबांनी वहिनींना आणखी एक खोली झाडायला सांगितली आहे. वहिनी झाडताहेत. पडदे लावताहेत—

३० मार्च, शनिवार

ठरवलं. तिला तोडायचं. एकच उपाय.

मेसेज लिहिला. तुझ्याकडे राहण्यापेक्षा मला कुत्री बरी. तुझं तोंड बघायचं नाही. तू बापासारखीच आहेस. अजून वाईट लिहिलं, इथे उतरवत नाही. पाठवून टाकला. माझी पोर. पडदे लावून बसलेली माझी पोर.

उत्तर नाही. बरंच झालं. नको येऊस. मला विसर, जन्मभर शिव्या घाल, पण—

३१ मार्च, रविवार

आली.

फाटकाबाहेर उभी आहे. आत येत नाहीये. डोळे सुजलेत, इथून दिसतंय. मी खिडकीत आहे. खोलीच्या दारात झेंडा आहे सकाळपासून, त्यामुळे—

हाताने सांगते, जा. जा. तोंड फिरवलं मी. ती बघत होती.

वळली. गाडीकडे चालली. जा, बाई. जा. रड, पण जा.

साहेब पडवीतून उठले. शेटच्या गळ्यातला पट्टा थोपटला. काहीतरी म्हणाले त्याला.

शेट फाटकाकडे—

वळला नाही. रेषेवरून सरळ गेला. बाहेर. रस्त्यावर. त्याला काहीच होत नाही, त्याला कधीच काही—

गाडी येतेय तिकडून. लेकीने बघितलं. धावली. कुणाचं तरी कुत्रं सुटलंय असं वाटून. पट्ट्याला धरलं. पाठीवरून हात फिरवतेय. इकडे तिकडे बघतेय. मालक कुठाय म्हणून—

साहेबांनी हात वर केला.

ती त्याला घेऊन येतेय. फाटकाशी. थांब, तिथेच थांब, सोड त्याला, पोरी, सोड— तोंड उघडलंय मी, पूर्ण उघडलंय, आणि घशातून—