भावाने दिलेली

डोंबिवली

प्रिय सुश्रुत,

गेल्या महिन्यात मला फ्लू झाला होता. तू घाबरशील, म्हणून तेव्हा कळवलं नाही आणि हे पत्रही टाकणार नाही.

तू दिलेली किडनी शरीराने परकी ठरवू नये, म्हणून मी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेते. त्यामुळे विषाणू थेट छातीत उतरला. कल्याणचे डॉक्टर म्हणाले, "गोळी थोडी कमी करू, म्हणजे शरीर लढेल. पण ते किडनीवरही उलटू शकतं."

"मग नको. ती माझ्या भावाची आहे."

"ताई, तुम्ही वाचलात तर ती वाचेल ना?"

मी हो म्हटलं. ताप उतरेपर्यंत पोटावर, तुझी किडनी बसवली आहे तिथे, हात ठेवून पडून राहायचे, तू लहानपणी आजारी पडलास की तुझ्या कपाळावर ठेवायचे तसा.

काल रिपोर्ट आला. आम्ही दोघी ठीक आहोत.

तुझी ताई,
सरोज