जवसाचा दोरा

आई, काल तुझी पत्र्याची पेटी उघडावी लागली, म्हणून लिहिते आहे. दादा गावचं घर पाडून नवं बांधतो आहे. त्याच्या मुलीला तुझी आठवण म्हणून पेटी हवी होती; आत काय आहे ते आधी मी बघावं, म्हणून तिने ती सांगलीला माझ्याकडे आणून ठेवली.

मी कॉलेजात असताना सरांनी प्रत्येकीला एक इंग्रजी शब्द दिला होता. त्याचे मिळतील तेवढे अर्थ आणि उगम शोधायचा. मला ‘लाइन’ आला. सुट्टीत गावी, कवठे महांकाळला आले. तू भाकरी थापते आहेस, मी वही वाचून दाखवते आहे. रेघ, रांग, कवितेची ओळ, रेल्वेचा मार्ग, टेलिफोनची तार, सैन्याची फळी, घराण्याचा वंश.

“आन् वीज गेली की लाइन गेली म्हणत्यात, ते लिवलंस का?”

“ते कोशात नाही.”

मग उगम वाचला. मूळ लॅटिन, जवसाच्या धाग्याची दोरी. तुझा हात थांबला. “आपल्या जवसाची? आन् आमी काड्या चुलीत घालतोय. इंग्रजी आपल्या बांधावरच उगवलीया की गं.”

काही महिन्यांनी वसतिगृहाच्या फाटकाशी तू उभी, हातात दोऱ्याची लडी. “जवसाच्या काड्या अंबाडीगत भिजवून वाख काढला, त्येचा दोरा वळला. सरांस्नी दाव.” मैत्रिणी बघत होत्या. मी म्हणाले, “इतकं जाडंभरडं काय दाखवू? असलं पुन्हा आणू नकोस.” “बरं,” म्हणालीस, आणि पाणीही न पिता परतीची एसटी धरलीस. ती लडी मी खोलीत कपडे वाळत घालायला बांधली. सरांनी माझी वही वर्गात वाचून दाखवली.

पुढे नोकरीभर मी हा शब्द शिकवला. जवसाचा उल्लेख कधी गाळला नाही. तुझा कधी केला नाही.

काल पेटीच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली, दुसरी लडी निघाली. बारीक, एकसारखी. सुईत ओवून पाहिली, ओवली गेली. जाडंभरडं म्हटलेलं तू मनावर घेतलंस आणि पुढच्या सुगीला पुन्हा काड्या भिजवल्यास, तेही प्यायचं पाणी डोक्यावरून आणायच्या दिवसांत. आणू नकोस म्हटलेलंही ऐकलंस.

आज दादाच्या मुलीला दिलं: पेटी एक, कुलूप किल्लीसह, लुगडी दोन, पितळी तांब्या एक. यादीवर तिची सही घेतली. दोरा यादीत नाही. तो निघाला होता, हे मी तिला सांगितलेलं नाही.