हात वर होण्याआधी

रविवार, ८ फेब्रुवारी

अण्णा, इतकी वर्षं तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. तुम्ही होतात तेव्हा कासारवाडीच्या त्या एका खोलीत लिहून सांगण्यासारखं काही उरतच नसे, आणि तुम्ही गेल्यावर लिहून काय उपयोग, असं वाटत राहिलं. डायरी मात्र रोज लिहिते. गेले दोन आठवडे तिच्यातही मी खरं लिहिलेलं नाही. सव्वीस जानेवारीच्या पानावर 'कंपनीत झेंडावंदन, नंतर थोडा गोंधळ' एवढंच आहे. तो गोंधळ तुम्हाला सांगायला हवा, कारण त्या दिवशी मी जे केलं ते तुमच्याकडूनच शिकलेल्या गोष्टीच्या जोरावर केलं.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मी नऊ-दहा वर्षांची आहे. आई गावी गेली आहे, म्हणून तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून पिंपरीला तुमच्या कंपनीच्या गेटवर नेलं आहे. शिफ्ट सुटली आहे, युनियनचा पुढारी स्टुलावर उभा राहून बोलतो आहे आणि मी आ वासून त्याच्याकडे बघते आहे. तुम्ही माझी हनुवटी धरून मान वळवता. "बोलणाऱ्याकडं काय बघतीस? हात वर करायच्या आधी माणसं कुणाकडं बघत्यात, ते बघ." मी बघितलं. पुढाऱ्याने ठरावाला मंजुरी मागितली आणि शेकडो डोळे क्षणभर टूलरूमच्या एका फिटरकडे गेले. तो केरळचा. मराठी मोडकंतोडकं, मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा. त्याने हात वर केला, मग सगळ्यांनी केला. बाहेरच्यांना हाकला, अशी पत्रकं तेव्हा भिंतींवर लागत होती आणि युनियनच्या कमिटीत मद्रासी नको, असं तुमच्यातलेच काही म्हणत होते. तुम्ही स्वतःची जागा सोडून त्याला कमिटीत घेतलंत. आई चिडली, तेव्हा तुम्ही म्हणालात की माझं कुणी ऐकत न्हाई, त्याचं ऐकत्यात, मग कमिटीत कोण पायजे?

तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी मोठ्याने ओरडून आईला सांगितलं होतं, मद्रासी आलाय. तुम्ही आवाज चढवला नाहीत. चहाची कपबशी माझ्या हातात दिलीत आणि त्याच्या गावाचं नाव विचारून वहीत लिहून आण, असं सांगितलंत. मला ते तीनदा चुकलं. तो हसत हसत अक्षर अक्षर फोडून सांगत होता, तुम्ही शेजारी बसून बशीतला चहा फुंकत होतात. नाव बरोबर आल्यावर म्हणालात, "आता ह्याला मद्रासी म्हणायचं असंल तर आधी ह्ये नाव म्हणून दाखवायचं." माझी ती खोड अजून गेलेली नाही. कुणाचेही कागद समोर आले की मी आधी गावाचं नाव वाचते आणि मनात दोनदा म्हणून बघते.

पुढे मी समाजशास्त्र घेतलं. सत्ता म्हणजे काय, यावर पानंच्या पानं लिहिली. एकदा तुम्ही विचारलंत, एवढी पुस्तकं वाचून काय कळलं? मी पाठ केलेलं सांगितलं: दुसऱ्याच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेण्याची क्षमता. तुम्ही म्हणालात, हे तर आमचा फोरमनपण सांगंल. मी रुसले होते. माझ्या व्याख्येत स्टुलावरचा पुढारी बसत होता, टूलरूमचा फिटर बसत नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी चाकणला एका कंपनीत एचआरला आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, म्हणजे मॅनेजमेंटची. हो, मॅनेजमेंटची. आमच्याकडे कायम कामगारांचा शर्ट निळा आणि कंत्राटी कामगारांचा राखाडी. बस निळ्या शर्टांसाठी. बहुतेक कंत्राटी कामगार राहतात त्या कुरुळी गावावरून ती अर्धी रिकामी येते आणि राखाडी शर्टवाले त्याच रस्त्याने, हायवेच्या कडेने, कंटेनरच्या धुरळ्यातून चालत येतात. त्यांनी बसमध्ये बसू द्या म्हणून अर्ज केला होता. तो माझ्या टेबलावर तीन महिने पडून होता. मी तो फेटाळला नव्हता, आणि तेवढ्यावर स्वतःला बरी समजत होते.

सव्वीस जानेवारीला राष्ट्रगीत झालं. ते चालू असताना निळे आणि राखाडी शर्ट एकाच ओळीत उभे असतात. त्या बावन्न सेकंदांत बसचा प्रश्न नसतो. मग प्लांट हेडचं भाषण झालं, आपण सगळे एक परिवार, एक देश. नंतर समोसा आणि बुंदीच्या लाडवाची पाकिटं घ्यायला बोलावलं. निळे शर्ट गेले. राखाडी शर्टांमधलं कुणी हललं नाही. घोषणा नाही, आरडाओरडा नाही, नुसते उभे. आणि अण्णा, माझी मान आपोआप वळली. मी पाकिटांकडे बघितलं नाही, प्लांट हेडकडेही नाही. ते सगळे कुणाकडे बघताहेत, ते बघितलं. तिसऱ्या ओळीत आसामचा एक जण उभा होता. गेटवरचे सिक्युरिटीवाले ज्याला रोज 'ए चायना' म्हणून हाक मारतात आणि जो रोज त्यांना नमस्कार करून आत येतो, तो. त्याने तळहात किंचित खाली दाबल्यासारखा केला. पाकिटं टेबलावर तशीच राहिली.

केबिनमध्ये प्लांट हेडने विचारलं, "मॅडम, इनका लीडर कौन है?" सुपरवायझरने दोन बडबड्या पोरांची नावं घेतली. मी म्हटलं, "ते नाहीत. तिसऱ्या ओळीतला आसामचा." हे सांगताना मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला अभिमान वाटला. एवढ्या लोकांत ते मलाच दिसलं होतं. प्लांट हेड म्हणाले, त्याचे कागद तपासा, हे लोक कुठून येतात कुणास ठाऊक. मी जागेवर येऊन कंत्राटदाराला मेल केला: कागदपत्रांची पडताळणी बाकी असल्याने गेट पास स्थगित. त्याचे कागद नोव्हेंबरात मीच तपासले होते. सगळे होते, सगळे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी तो गेटवर माझ्या गाडीजवळ आला. प्लास्टिकच्या पिशवीत आधार, मतदान कार्ड, शाळेचा दाखला. म्हणाला, "मॅडम, ये तो आपने ही देखा था." सिक्युरिटीवाला मागून म्हणाला, "चल रे चायना, साइडला हो." मी काच अर्धी खाली घेऊन ऑफिस से फोन आएगा, असं म्हटलं आणि काच वर केली. फोन मीच करायचा होता. केला नाही.

परवा कँटीनमधल्या मावशी माझ्यापाशी थांबल्या. त्या कुरुळीत त्याच्याच चाळीत राहतात. चहा ठेवून म्हणाल्या, "मॅडम, त्या आसामवाल्याला मालकानं मंगळवारपतुर खोली सोडायला सांगितलीय. कंपनीनंच पकडला म्हणत्यात, बांगलादेशी निघाला. खरंच निघाला का वो?" मी म्हटलं, चौकशी चालू आहे. त्यांनी हातातला ट्रे टेबलावर टेकवला. मग म्हणाल्या, "बायको हाय त्येची. दोन महिन्यांची बाळंतीण. आता कोण खोली दील त्यांना?" आणि ट्रे उचलून गेल्या. एका मेलमधले माझे दोन-चार शब्द कुरुळीपर्यंत जाताना एवढे मोठे झाले, असं मी स्वतःला दिवसभर समजावत होते. पण ते कुठे जातील, हे मेल लिहिताना मला माहीत नव्हतं का? आडनाव कुठलं, चेहरा कसा, यावरून देश ठरवायची घाई लोकांना आहेच. मी त्या घाईला कंपनीचा शिक्का पुरवला.

मी भ्याले होते, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला कुणी धमकावलं नव्हतं. खरं लिहून दिलं म्हणून आजही माझी नोकरी जाणार नाही. फार तर मोठ्या मीटिंगला बोलावणं येणार नाही, प्लांट हेड दुसऱ्या कुणाला विचारतील. तेवढंच मला जपायचं होतं. ज्या नजरेने तुम्ही एका माणसाला कमिटीत आणलंत, तीच वापरून मी एकाला गेटबाहेर काढलं.

हे पत्र कुठे पाठवणार? डायरीतच राहील. पण एक गोष्ट कबूल करते. एवढ्या माणसांचे कागद हातांखालून जातात, कुणाचं काय होतं ते लक्षात राहत नाही, असं उत्तर मी, कंत्राटदाराने विचारलंच तर, तयार ठेवलं होतं. ते टिकणारं नाही. त्याच्या गावाचं नाव मला पाठ आहे. नोव्हेंबरात दोनदा म्हणून बघितलं होतं, पहिल्यांदा चुकलं होतं.

उद्या: कागदपत्रं मी स्वतः नोव्हेंबरात तपासली होती आणि ती पूर्ण होती, असं कंपनीच्या लेटरहेडवर सहीनिशी लिहून, कुरुळीला त्याच्या खोलीमालकाच्या हातात नेऊन देणे.