शेरा: मयत

३ जानेवारी
मुलुंडला आलो एकदाचे! पालिकेच्या शाळेत मी रुजू झाले, चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. वाशिमहून आणलेलं तिखट माझ्या धाकट्या भावाने, प्रबुद्धने, पहिल्याच दिवशी जिन्यात सांडलं. अख्खी सोसायटी शिंकत होती. शेजारच्या नलिनीकाकू भांडायला येतील असं वाटलं, तर त्या पोहे घेऊन आल्या. त्यांच्याकडे टीव्हीवर सारखं युद्ध चालू असतं. काकू म्हणाल्या, टेन्शन नको घेऊ गं, आपण थोडेच त्यात पडतोय! प्रबुद्ध बावीसचा आहे. आई गेल्यापासून मीच त्याची आई.

१९ फेब्रुवारी
आपली तेलाची जहाजं बुडवली आणि आपण युद्धात पडलोच. सेक्रेटरी अनिरुद्ध सावंतांनी गेटवर पेढे वाटले. खिडक्यांना काळा कागद, पेट्रोल आठवड्याला दोन लिटर. पेढा मात्र चांगला होता.

८ मार्च
सक्तीची भरती. घरोघरी नोंदणी कुणी करायची? शिक्षकांनी! जनगणना आम्ही, निवडणूक आम्ही, आता युद्धही आम्हीच. शेऱ्याच्या रकान्यात तीनच शब्द चालतात: हजर, स्थलांतरित, मयत. स्थलांतरिताला पोलीस शोधून आणतात. मला आमचीच इमारत मिळाली; आपलेच दात नि आपलेच ओठ. काकूंच्या मुलापुढे, यज्ञेशपुढे, मी ‘हजर’ लिहिलं. प्रबुद्धपुढे ‘मयत’. लाज वाटते, पण वेळ आली तर पुन्हा लिहीन.

२ एप्रिल
यज्ञेश आघाडीवर गेला. काकूंनी ओवाळलं, मी मान खाली घालून उभी होते. प्रबुद्धला गावी पाठवलं असं सगळ्यांना सांगितलंय. तो आत बसून असतो, नळही सोडत नाही. आज खोकला. काकूंनी भिंतीपलीकडे टीव्ही बंद केला.

२० एप्रिल
यज्ञेशची तुकडी जहाजासकट बुडाली. शव नाही, पेटी नाही. काकूंच्या दारात गेले तर त्यांनी विचारलं, तुझा भाऊ जेवला का गं?

२४ एप्रिल
गेटवर फ्लेक्स. ‘वीर प्रबुद्ध खिल्लारे यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ फोटो त्याच्याच व्हॉट्सअ‍ॅपचा, गॉगल घातलेला. धावत नोंदणी कार्यालयात गेले. तिथले राजारामसाहेब म्हणाले, भरतीच्या यादीतला मयत म्हणजे युद्धातलाच. शेरा तुमचा, सही तुमची, बाई. यादी चुकत नाही. पेटी निघालीये.

२८ एप्रिल
पेटी आली. चौघांनी उचलली आणि एकमेकांकडे बघितलं. हलकी. सावंतांनी सील तोडलं. आत काहीच नाही. फळीवर खडूने लिहिलंय: पाच फूट सात.
प्रबुद्धची उंची.

२९ एप्रिल, सकाळ
सगळी इमारत जिन्यात बसलीये. प्रबुद्ध आत आहे हे सगळ्यांना कळलंय. कुणी शिव्या देत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सावंत समजावताहेत: मिरवणूक चारला, हार आलेत, बँड आलाय, रिकामी पेटी कशी न्यायची, तुम्हीच सांगा बाई.
पोलिसांना फोन केला. म्हणाले, मयताची तक्रार घेता येत नाही.

दुपार
दाराला पाठ लावून लिहितेय— पेटी वर आणताहेत— जिन्याच्या वळणावर अडकली, तर काकूच सांगताहेत, उभी करून घ्या—
प्रबुद्ध म्हणतो, ताई, मी जातो. मी त्याच्या कानाखाली मारली. आयुष्यात पहिल्यांदा—
कडीचा एक स्क्रू पडला.
काकू फटीतून बोलताहेत, अगदी मऊ आवाजात— रडू नको गं, त्याला कुणी काही करणार नाही, फक्त झाकण नीट बसतंय का, तेवढं—