आजचं लाईव्ह तुम्ही करा

पप्पा,

माझा मोबाईल टीव्हीजवळ ठेवलाय, लॉक काढून. आज विहारातल्या वंदनेचं लाईव्ह तुम्हीच करा.

काल गणितात केटी लागल्याचं कळलं आणि तुम्ही काकांसमोर म्हणालात, "मोबाईलनं पोरीचं वाटोळं केलं." आता माझंही ऐका. विहाराचे सेक्रेटरी तुम्ही, फेसबुकवर विहाराचं पेज मला काढायला लावलंत तुम्ही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू झालं की माझं पुस्तक बंद आणि हातात कॅमेरा. पेपरच्या आदल्या दिवशीसुद्धा "किती जणांनी बघितलं गं?" हेच विचारलंत. तेव्हा तो धम्मप्रचार होता, आता माझा नाद झाला?

केटी माझी आहे, मी क्लिअर करीन. सादियाकडे अभ्यासाला चाललेय. तिथून थेट विहारात येईन आणि आईशेजारी खाली बसेन. वर्षभर दोन्ही हातांनी मोबाईल धरून मी सगळ्यांचे जोडलेले हात दाखवले. आज तो तुम्ही धरा, आणि पंचशील घेताना हात कसे जोडायचे तेही मला दाखवा.

चहा थर्मासात आहे.

धम्मदिना